वनयात्री जॉन म्यूर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. अहिल्याबाई होळकर, सावित्रीबाई फुले, साने गुरुजी, बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी आपल्या भगिनींनी पूर्वी लिहिले आहे. यंदा मला लिहावयास सांगण्यात आले तेव्हा मी एका परदेशी गृहस्थाचे नाव सुचविले. काही जणींना थोडे नवल वाटले. म्हणून प्रथम त्याचे कारण सांगते.

माझी थोरली बहीण धुळ्याला असते. तिचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात आहे. सुटी मिळाली की हा मुलगा पाठीवर लहानसा तंबू, अंथरूण आणि शिधा बांधून घेतो आणि एकटाच रानात जातो. तिकडे रेडवुड नावाची प्रचंड मोठी झाडे आहेत. त्यांच्या पायथ्याशी तो दोन दोन रात्री मुक्काम करतो. बहिणीला या गोष्टीची फार काळजी वाटे. घरदार असताना माणसाने एकट्याने रानात का झोपावे, हे तिला समजत नसे. तेव्हा त्याने आम्हांला जॉन म्यूर यांची हकिगत सांगितली. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, इंग्रजी पुस्तक मला वाचता येत नाही. पण माझ्या मुलीने म्यूर यांची पुस्तके मिळविली आणि रोज दुपारी थोडे थोडे वाचून मला अर्थ सांगितला. त्यातून जे मनात राहिले ते येथे लिहीत आहे.

आधी त्या झाडांविषयी सांगते, म्हणजे पुढची गोष्ट समजेल. रेडवुड म्हणजे तांबड्या लाकडाचे झाड. त्यात मुख्य दोन जाती आहेत. एक समुद्राकाठच्या धुक्यात वाढते. जगात सर्वांत उंच वृक्ष याच जातीचे असून त्यांतील सर्वांत उंच सुमारे ३८० फूट आहे. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे २४० फूट आहे, म्हणजे त्याच्या दीडपटीहून अधिक. दुसरी जात सिएरा नेवाडा नावाच्या डोंगररांगेत, बर्फ पडते अशा उंचीवर आढळते. तिला सिकोया म्हणतात. ती उंचीने थोडी कमी, पण घेराने फार मोठी असते. जनरल शेरमन नावाच्या एका सिकोयाचा जमिनीलगतचा घेर १०० फुटांहून जास्त आहे. आपल्या मंडळाच्या वीस जणी हात धरून उभ्या राहिल्या तर कोठे त्याला कडे पूर्ण होईल. हे झाड दोन हजार वर्षांहून जुने आहे. याच जातीची काही झाडे तीन हजार वर्षांपेक्षाही अधिक जगली आहेत. आणि एवढ्या झाडाचे बी केवढे, तर गव्हाच्या कोंड्यासारखे हलके, फुंकर मारली तर उडून जाईल असे.

या झाडांचे वेड ज्याने साऱ्या जगाला लावले तो जॉन म्यूर ता. २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंड देशातील डनबार या समुद्रकाठच्या गावी जन्मला. आठ भावंडांत तो तिसरा. वडील डॅनिएल म्यूर अत्यंत धार्मिक, पण स्वभावाने कडक होते. मुलांनी बायबल तोंडपाठ करावे आणि चूक झाली तर मार खावा, असा घरचा शिरस्ता होता. आई ॲन शांत स्वभावाची होती. १८४९ साली, जॉन अकरा वर्षांचा असताना, वडिलांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात जंगलालगत जमीन घेतली आणि सारे कुटुंब तिकडे गेले.

तेथे या मुलाने जे कष्ट उपसले ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. बारा वर्षांच्या मुलाला नांगराला जुंपले होते. पुढे वडिलांनी दुसरे शेत घेतले, तेथे पाणी नव्हते. तेव्हा विहीर खणण्याचे काम जॉनवर आले. खाली खडक लागला. तीन फूट रुंदीच्या त्या विहिरीत बसून हातोडी-छिन्नीने रोज थोडा थोडा खडक फोडावयाचा, असे महिनेच्या महिने चालले. विहीर ऐंशी फुटांपर्यंत गेली असता एके दिवशी सकाळी तो बादलीतून खाली उतरला आणि रात्रभर तळाशी साचलेल्या विषारी हवेने त्याची शुद्ध हरपू लागली. वरून वडिलांनी हाका मारून त्याला कसेबसे बादलीत बसावयास लावले आणि वर ओढून काढले. खानदेशात विहिरी खणणाऱ्या घरांना या विषारी हवेची भीती ठाऊक आहे. शेजाऱ्याने उपाय सांगितला की विहिरीत आधी पाणी ओतावे, गवताची पेंढी दोराने खालीवर करून हवा ढवळावी. एक-दोन दिवसांनी जॉनला पुन्हा खाली उतरविले. ९० फुटांवर चांगले पाणी लागले.

दिवसभर काम, मग वाचन केव्हा करावयाचे? वडील रात्री जागू देत नसत. पहाटे लवकर उठलास तर वाच, एवढी परवानगी त्यांनी दिली. जॉन मध्यरात्रीनंतर एक वाजताच उठू लागला. थंडी एवढी की वाचवत नसे, म्हणून तो तळघरात जाऊन लाकडाची यंत्रे करू लागला. त्याने लाकडाची घड्याळे केली. ठरल्या वेळी पलंग तिरका करून झोपलेल्या माणसाला उभे करणारे यंत्रही केले. १८६० साली ही यंत्रे घेऊन तो मॅडिसन शहरातील प्रदर्शनात गेला आणि लोकांनी त्याचे फार कौतुक केले. पुढे तेथील विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. वनस्पतिशास्त्राची गोडी त्याला तेथेच लागली. एका प्राध्यापकांच्या पत्नी, जीन कार, यांनी या हुशार मुलाला ओळखले आणि पुढे अनेक वर्षे पत्रे लिहून त्याला धीर दिला, लिहिते केले. त्याची पदवी मात्र पुरी झाली नाही. १८६३ साली त्याने विद्यापीठ सोडले.

यंत्रांतली हुशारी पाहता म्यूर मोठे कारखानदार झाले असते. इंडियानापोलिस शहरात गाडीचे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यांना चांगली नोकरी होती. पण मार्च १८६७ मध्ये काम करताना हातातील कानस निसटली आणि उजव्या डोळ्यात घुसली. थोड्या वेळात दुसऱ्या डोळ्याचीही नजर गेली. अंधाऱ्या खोलीत त्यांना चार आठवडे पडून राहावे लागले. अठ्ठावीस वर्षांच्या तरुण माणसाला आता आपल्याला फूल, पान, आकाश काही दिसणार नाही असे वाटले असेल, तेव्हा त्याचे काय झाले असेल याची कल्पनाच करावी. दैवाने हळूहळू दृष्टी परत आली. तेव्हा त्यांनी ठरविले की यापुढे हे डोळे यंत्रांसाठी नव्हे, तर निसर्ग पाहण्यासाठी वापरावयाचे.

त्याच वर्षी सप्टेंबरात ते केंटकी प्रांतातून पायी निघाले आणि फ्लोरिडाच्या समुद्रापर्यंत सुमारे एक हजार मैल एकटे चालले. जळगावहून निघून कलकत्त्यापर्यंत चालत जाण्यासारखेच हे झाले. नुकतेच तिकडे मोठे यादवी युद्ध संपले होते. वाटा सुरक्षित नव्हत्या. सव्हाना गावी घरून यावयाचे पैसे वेळेवर आले नाहीत, तेव्हा ते काही रात्री गावाबाहेरच्या स्मशानभूमीत मोठ्या ओक वृक्षांखाली झोपले. तेथे चोराचिलटांची भीती नाही, असा त्यांचा हिशेब होता. फ्लोरिडात हिवतापाने ते मरणाच्या दारी जाऊन आले. पण परत फिरले नाहीत. मार्च १८६८ मध्ये आगबोटीने ते सॅन फ्रान्सिस्कोस उतरले आणि शहर न पाहताच योसेमिटी नावाच्या डोंगरदरीकडे पायी चालू लागले.

पोटासाठी त्यांनी प्रथम मेंढ्या राखल्या. आपल्या साक्री भागातील ठेलारी बांधव मेंढरे घेऊन वर्षभर हिंडतात, तसेच १८६९ च्या उन्हाळ्यात म्यूर दोन हजारांवर मेंढ्यांच्या कळपाबरोबर सिएरा डोंगरावर चढत गेले. पुढे दोन वर्षे ते लाकूड कापण्याच्या गिरणीत होते. तेथे ते उभे झाड कापीत नसत, वादळात पडलेलीच झाडे कापीत. आपल्या झोपडीतून त्यांनी ओढ्याचा एक पाट नेला होता, म्हणजे रात्री झोपताना पाण्याचा आवाज ऐकू यावा.

त्यांचे एकट्याचे फिरणे या काळातले. त्यांची तयारी ऐकून आपणां गृहिणींना हसू येईल. आपण एका दिवसासाठी पाटणादेवीला निघालो तरी दशम्या, चटणी, लोणचे, पाण्याची भांडी, सतरंजी अशी केवढी गाठोडी होतात. म्यूर बरोबर घेत फक्त पाव, थोडा चहा आणि एक वही. पाव कडक वाळवून ठेवीत म्हणजे बरेच दिवस टिके. पुष्कळदा पांघरूणही नसे. सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या अंथरावयाच्या, मोठी शेकोटी करावयाची आणि तिच्या उबेने रात्र काढावयाची. बंदूक ते बाळगत नसत. अस्वले होती, पण त्यांच्या वाटेस गेले नाही तर ती आपल्या वाटेस येत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

मे १८७१ मध्ये अमेरिकेतले मोठे तत्त्वचिंतक इमर्सन योसेमिटी पाहावयास आले. म्यूर यांनी तरुणपणी त्यांचे ग्रंथ वाचले होते. मारिपोसा येथील सिकोयांच्या राईत एक रात्र माझ्याबरोबर उघड्यावर राहा, अशी गळ म्यूर यांनी त्यांना घातली. पण इमर्सन त्या वेळी ६८ वर्षांचे होत आले होते. बरोबरच्या मंडळींना वाटले, रात्रीच्या गारठ्याने त्यांना बाधेल. सारे जण निघून गेले. घोड्यावरून डोंगराच्या वळणाआड जाताना इमर्सन यांनी मागे वळून टोपी हलविली. म्यूर यांना त्या रानात प्रथमच एकटेपणा जाणवला. पण त्यांनी त्या महावृक्षांखाली शेकोटी पेटविली, डहाळ्यांचे अंथरूण केले आणि पाखरांचे आवाज ऐकता ऐकता त्यांचे मन हळूहळू शांत झाले. एकटे राहणे आणि एकाकी वाटणे यात किती अंतर आहे, हे मला या प्रसंगावरून समजले.

त्यांचा सर्वांत मोठा वृक्षप्रवास १८७५ सालचा. सिकोयाची झाडे कोठून कोठपर्यंत आहेत हे पाहण्यासाठी ते मारिपोसाच्या राईपासून दक्षिणेकडे निघाले. सोबतीला ब्राउनी नावाचे एक खेचर तेवढे होते. दऱ्या इतक्या खोल आणि वाटा इतक्या अवघड की त्या मुक्या जनावराचे फार हाल झाले. वाटेत एका राईत त्यांना नेल्डर नावाचा म्हातारा भेटला. सोने शोधावयास आलेला हा माणूस सोने न मिळाल्यावर झाडांमध्येच झोपडी बांधून राहिला होता, आणि रानातली पाखरे व खारी त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या. पुढे थार्प नावाच्या एका गुरे पाळणाऱ्याने त्यांचा पाहुणचार केला. या थार्पचे घर म्हणजे पडलेल्या सिकोयाचे आतून पोकळ झालेले खोड. त्याला दार, खिडकी, चूल सर्व काही होते. ते खोड अजून तेथे आहे आणि लोक ते पाहावयास जातात. त्या राईला म्यूर यांनी महारण्य अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले आणि तेच आज रूढ आहे. जनरल शेरमन वृक्ष तेथेच आहे.

याच प्रवासात त्यांना वणवा लागलेला दिसला. दुसरा कोणी पळाला असता. म्यूर यांनी खेचराला सुरक्षित जागी बांधले आणि ते काही दिवस वणव्याजवळ राहून पाहत बसले. खालच्या झुडपांच्या उतारावर धडाडून आलेली आग महावृक्षांच्या राईत शिरताच मंद झाली आणि पालापाचोळा खात हळूहळू सरकू लागली, हे त्यांनी टिपून ठेवले. सिकोयाची साल दीड-दोन फूट जाड असते, म्हणून साधारण वणव्याने तो मरत नाही. उलट आगीच्या धगीने त्याची बोंडे उघडतात, बी खाली पडते आणि मोकळ्या झालेल्या मातीत रोप धरते. पुढील काळात शास्त्रज्ञांनी याचा नीट अभ्यास केला आणि आता तिकडचे वनखाते ठरवून लहान लहान वणवे लावते. पण रान फार सुकले की याच आगीचा काळ होतो. २०२० आणि २०२१ सालच्या मोठ्या वणव्यांत हजारो जुने सिकोया जळून मेले. एवढी शतके उभे राहिलेले वृक्ष आपल्या पिढीत जळावेत ही फार वाईट गोष्ट आहे.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर १८७४ मध्ये मोठे वादळ सुटले होते. म्यूर यांना वाटले, झाडांना वाऱ्यात कसे वाटते ते पाहावे. म्हणून शंभर फूट उंचीच्या एका झाडाच्या अगदी शेंड्यावर ते चढले आणि घट्ट धरून काही तास झोके खात राहिले. मात्र झाड निवडताना त्यांनी पुष्कळ विचार केला होता. दाट उभ्या असलेल्या, बळकट मुळांच्या झाडांपैकी एक त्यांनी निवडले. धाडस आणि वेडेपणा यांत फरक असतो तो एवढाच.

आता त्यांच्या संसाराविषयी लिहिते, कारण आपणां स्त्रियांना तोच प्रश्न प्रथम सुचतो. ता. १४ एप्रिल १८८० रोजी त्यांचा विवाह लुई स्ट्रेंट्झेल हिच्याशी झाला. ही ओळख जीन कार यांनीच करून दिली होती. लुई ही मार्टिनेझ येथील एका डॉक्टरची एकुलती एक राहिलेली मुलगी. ती पियानो उत्तम वाजवी आणि वडिलांच्या फळबागेचा कारभार जाणत असे. लग्नाला चार महिने पुरे होण्यापूर्वीच म्यूर अलास्काच्या बर्फाळ प्रदेशाकडे निघून गेले, आणि त्या वेळी लुईला दिवस गेलेले होते. मला स्पष्ट लिहावेसे वाटते की हे वाचून मला त्यांचा राग आला. थोर पुरुषांच्या चरित्रात अशी एक स्त्री नेहमी असते. तिने दार लावून घेतलेले असते आणि दिवा सांभाळलेला असतो. तिच्याविषयी चरित्रकार दोनच ओळी लिहितात.

पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. मार्च १८८१ मध्ये वांडा आणि १८८६ मध्ये हेलन अशा दोन मुली त्यांना झाल्या. मुलींवर म्यूर यांचा अतिशय जीव. जवळजवळ दहा वर्षे त्यांनी डोंगर बाजूला ठेवून द्राक्षे आणि पेअरची बाग सांभाळली. आपल्या रावेर-यावलच्या केळीबागाईतदारांना ठाऊक आहे की बाग म्हणजे रात्रंदिवसाची राखण. म्यूर यांनी बागेत पैसा चांगला मिळविला. पण प्रकृती खालावली, खोकला जडला, माणूस वाळून गेला. १८८४ मध्ये ते लुईला योसेमिटीस घेऊन गेले होते, पण चढणीचे तिला जमले नाही. तिला घरच बरे वाटे. तरी नवऱ्याचे दुखणे कशाचे आहे हे तिने बरोबर ओळखले. १८८८ साली ते उत्तरेकडील डोंगरांत गेले असता तिने त्यांना पत्र लिहिले. माणसाची प्रकृती आणि त्याचे खरे काम ज्या बागेपायी जाते ती बाग सोडून दिलेली बरी, असा त्या पत्राचा भाव होता. त्यानंतर बागेचा काही भाग विकला, काही खंडाने दिला. लुईच्या त्या पत्रानंतरच म्यूर यांच्या हातून सर्वांत मोठे काम झाले. म्हणून त्या रानांचे रक्षण करणाऱ्यांत मी तिचे नाव म्यूर यांच्या शेजारी लिहीन.

ते काम कोणते? सिएरातील झाडे त्या काळी भराभर तोडली जात होती. सिकोयाचे लाकूड ठिसूळ, झाड कोसळताच त्याचे तुकडे होत, तरीही लोक तोडीत आणि त्याच्या द्राक्षमळ्याच्या मेढी आणि छपराच्या फळ्या करीत. म्यूर यांनी १८७६ पासूनच याविरुद्ध लेख लिहिले होते. आता ते नेटाने लिहू लागले. १८९० च्या सप्टेंबरात सिकोया आणि ऑक्टोबरात योसेमिटी ही राष्ट्रीय उद्याने झाली. १८९२ साली त्यांनी मित्रांसह सिएरा क्लब ही संस्था काढली आणि मरेपर्यंत तिचे अध्यक्षपद सांभाळले. मे १९०३ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट लवाजमा मागे ठेवून म्यूर यांच्याबरोबर तीन रात्री रानात राहिले. पहिली रात्र मारिपोसाच्या सिकोयांखाली गेली. दुसऱ्या रात्री बर्फ पडले आणि सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या पांघरुणावर बर्फाचा थर होता. इमर्सन यांच्या वेळी राहून गेलेली इच्छा अशी बत्तीस वर्षांनी पुरी झाली. पुढे रूझवेल्ट यांनी पुष्कळ मोठी अरण्ये राखीव केली.

म्यूर आपल्या देशातही येऊन गेले आहेत. रूझवेल्ट यांच्या भेटीनंतर ते जगप्रवासास निघाले आणि त्यात हिमालयात सिमल्याकडे देवदार पाहावयास गेले. त्र्याहत्तराव्या वर्षी ते दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेच्या प्रवासास निघाले आणि १९१२ साली आफ्रिकेत त्यांनी बाओबाब पाहिला. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. ती पाहून त्यांना कोण आनंद झाला होता.

महिला मंडळांसाठी या इतिहासात फार अभिमानाचा भाग आहे, तो मुद्दाम लिहिते. १९०० साली कॅलिफोर्नियातील कॅलाव्हेरस येथील सिकोयांची राई एका लाकूड व्यापाऱ्याच्या हाती जाण्याची वेळ आली. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोमधील स्त्रियांच्या क्लबने, म्हणजे आपल्यासारख्याच एका महिला मंडळाने, लॉरा व्हाइट या अध्यक्षबाईंच्या पुढाकाराने चळवळ उभारली. सह्या गोळा केल्या, पत्रे लिहिली, राष्ट्राध्यक्षांपर्यंत अर्ज नेला. काम चिकाटीचे होते. राई सरकारी उद्यान होण्यास १९३१ साल उजाडावे लागले. लॉराबाईंना ते पाहावयास मिळाले नाही, पण झाडे वाचली. तसेच सॅन फ्रान्सिस्कोजवळची एक रेडवुडची दरी विल्यम केंट आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी १९०५ साली विकत घेतली. पैशाची जुळवाजुळव अवघड होती, कर्ज काढावे लागणार होते, आणि पत्नीला काळजी वाटणे साहजिक होते. पण सारा पैसा गेला तरी झाडे वाचली म्हणजे झाले, असे केंट यांनी तिला समजाविले. पुढे ती जागा त्यांनी सरकारास दान दिली आणि स्वतःचे नाव न देता म्यूर यांचे नाव द्यावयास सांगितले. जानेवारी १९०८ मध्ये म्यूर वुड्स हे राष्ट्रीय स्मारक झाले. एलिझाबेथ केंट याच पुढे स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढल्या.

म्यूर यांचे सर्वच गोड होते असे नाही. योसेमिटीची दरी रिकामी नव्हती. तेथे आदिवासी राहत होते आणि १८५१ साली सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावून लावले होते. म्यूर यांनी तरुणपणी या लोकांविषयी हिणवणारे शब्द लिहिले आहेत. त्यांच्याच सिएरा क्लबने २०२० साली ही गोष्ट उघडपणे मान्य केली. आपल्या सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी बांधव पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. रान राखावयाचे म्हणजे रानातल्या माणसाला घालवून नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

शेवटची वर्षे दुःखाची गेली. ऑगस्ट १९०५ मध्ये लुई वारली. हेच हेची नावाच्या सुंदर दरीत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी धरण बांधावयाचे ठरले. म्यूर यांनी अनेक वर्षे विरोध केला, पण डिसेंबर १९१३ मध्ये सरकारने धरणास मंजुरी दिली. शहराला पाणी हवे आणि दरीही राहावी, हा पेच सोपा नाही. नर्मदाकाठी मणिबेलीसारखी गावे बुडाली, तेव्हा आपण तो जवळून पाहिला आहे. पुढच्याच वर्षी म्यूर धाकट्या मुलीला, हेलनला, भेटावयास गेले असता त्यांना न्यूमोनिया झाला आणि ता. २४ डिसेंबर १९१४ रोजी लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, मी आजवर एकही रात्र घराबाहेर एकटीने काढलेली नाही. आपल्यापैकी बहुतेकींचे असेच आहे. एकट्याने रानात राहणे हे पुरुषाला सोपे आणि बाईला अवघड, ही गोष्ट तिकडेही खरी होती आणि इकडेही आहे. पण या चरित्रातून मी एवढे शिकले की माणसाला काही काळ एकटे बसता आले पाहिजे. मग ते रान असो, शेताचा बांध असो की अंगणातले कडुनिंबाचे झाड असो. म्यूर रानात एकटे राहिले ते संसाराला कंटाळून नव्हे. तेथे जे पाहिले ते त्यांनी परत येऊन सर्वांना सांगितले आणि त्यासाठी भांडले. नुसते एकटे राहून आले असते तर ती झाडे आज नसती.

आपल्याकडे तीन हजार वर्षांची झाडे नसतील. पण सातपुड्यात अंजन आहे, साग आहे, पाल आणि तोरणमाळची राने आहेत, चाळीसगावजवळ पाटणादेवीचे जंगल आहे. दर उन्हाळ्यात वणवे लागतात आणि रान विरळ होत चालले आहे. मंडळाची सहल यंदा पाटणादेवीला न्यावी, तेथे गप्पा थोडा वेळ बंद ठेवून प्रत्येकीने एकेका झाडाखाली अर्धा तास एकटीने बसावे, आणि परत आल्यावर सर्वांनी मिळून निदान एक तरी झाड जगवावे, अशी माझी सूचना आहे. एका क्लबातल्या बायकांनी सह्या गोळा करून महावृक्ष वाचविले, तर एक झाड जगविणे आपल्याला काही अवघड नाही.

या वनयात्री पुरुषाला, आणि घर सांभाळून त्याला रानात पाठविणाऱ्या लुईबाईला, माझे नम्र वंदन.